आधी स्नान, मग पंगत
बाल्मोरलच्या ‘बेदर्स पॅव्हिलियन’ची शतकाकडे वाटचाल

नांदेडला पर्वणीच्या दिवशी गोदावरीवर गेलेला माणूस आधी घाटावर बुडी मारतो, ओले कपडे पिळतो आणि मगच जेवायचे बघतो. बाया एकमेकींसाठी लुगड्याचा आडोसा धरतात. घाटावरून वर आले की गुरुद्वाऱ्यातल्या लंगरची पंगत वाट पाहत असते. स्नानाशिवाय भोजन नाही, हा क्रम याच जिल्ह्यातल्या लोहा-कंधारच्या घराघरांत आजही पाळला जातो.

याच क्रमाने जवळपास शंभर वर्षे चालत आलेली एक वास्तू ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या मोसमन भागात, बाल्मोरल नावाच्या किनाऱ्यावर उभी आहे. तिचे नाव ‘बेदर्स पॅव्हिलियन’, म्हणजे स्नानार्थींचा मंडप. समुद्रस्नानाला येणाऱ्या लोकांना कपडे बदलण्यासाठी आडोसा मिळावा, म्हणून १९२९ साली ती बांधून पूर्ण झाली. आज देशोदेशीचे लोक तिथे जेवायला येतात. २०२९ मध्ये तिला शंभर वर्षे पूर्ण होतील. शताब्दी जवळ आली असताना संस्थापकांचे, चालकांचे आणि असंख्य अनाम सेवकांचे स्मरण करावे, या हेतूने हा इतिहास मांडला आहे. लिहिणारा समुद्रापासून दूरच्या कोरडवाहू मुलखातला आहे. पण पाण्याकाठी सगळ्यांसाठी बांधलेल्या जागेचे मोल कोरडवाहू मुलखातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पूर्वपीठिका : १९२० पूर्वी

सिडनीच्या बंदराचे तोंड दोन उंच कड्यांमधून खुल्या महासागराकडे उघडते. बाल्मोरलचा किनारा बंदराच्या आत असूनही नेमका या तोंडाकडे पाहतो. त्यामुळे सूर्योदय समोर दिसतो, आणि लाटांचा जोर मात्र आत येईपर्यंत बराच ओसरलेला असतो. लहान मुले आणि म्हातारी माणसे निर्धास्त पाण्यात उतरू शकतात ती यामुळेच. मधल्या एका खडकाळ टेकाडाने किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. एक बाल्मोरल, दुसरा एडवर्ड्स बीच.

हा सगळा परिसर मूळ रहिवाशांचा. जवळच्या जॉर्जेस हेडवर गव्हर्नर मॅक्वारी याने १८१५ साली बंगारी या आदिवासी पुढाऱ्याला शेतीसाठी जमीन दिल्याची नोंद आहे. १८८० च्या दशकात व्यंगचित्रकार लिव्हिंग्स्टन हॉपकिन्स आणि त्यांच्या चित्रकार मित्रांनी एडवर्ड्स बीचवर तंबू ठोकून मुक्काम केला. १८९३ साली मोसमनला स्वतःची नगरपालिका मिळाली. पुढच्या सगळ्या इतिहासात या नगरपालिकेचे नाव पुन्हा पुन्हा येईल.

त्या काळी समुद्र समोर होता, पण त्यात उतरण्याची मोकळीक नव्हती. १८३० च्या दशकातल्या कायद्यांनी सकाळी सहा ते रात्री आठ या वेळेत लोकांच्या नजरेस पडेल अशा पाण्यात स्नान करायला बंदी घातली होती. १९०२ साली मॅनली येथील विल्यम गोचर या वृत्तपत्र-संपादकाने आपल्या पत्रातून आगाऊ जाहीर केले आणि भरदिवसा समुद्रात उतरून हा नियम मोडला. पुढच्याच वर्षी मॅनलीच्या नगरपालिकेने दिवसभर स्नानाला परवानगी दिली. अट एकच होती, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकणारा पोशाख हवा. १९०७ मध्ये किनाऱ्यांवरच्या जीवरक्षक मंडळांची राज्य पातळीवरची संघटना उभी राहिली आणि समुद्रस्नान ही साऱ्या शहराची आवड झाली.

बंदी उठली आणि तिच्या जागी नवी अडचण आली. असा पोशाख घालून कुणी गावातून चालत येणे शक्य नव्हते. कपडे किनाऱ्यावर येऊनच बदलावे लागत, आणि हजारो माणसांना पुरेल एवढा आडोसा कुठेच नव्हता. या मंडपाचा जन्म या साध्या गरजेतून झाला.

१९२० ते १९२९ : ट्राम आली, पाया घातला

१९२२ साली ट्राम बाल्मोरलच्या वाळूपर्यंत आली. टेकडीवरून खाली उतरणारी ही वाट चांगलीच उताराची होती. बंदरावरचा मोठा पूल तेव्हा झालेला नव्हता. शहरातली माणसे बोटीने पलीकडे येत आणि तिथून ट्राम पकडत. काही आण्यांत माळेगावच्या जत्रेला पोचवणारी गाडी सुरू व्हावी आणि आठवड्यागणिक जत्रा भरावी, तसे बाल्मोरलचे झाले.

याच दशकात इथे आणखी एक वास्तू उभी राहिली, आणि तिचा धागा थेट आपल्या देशाशी जोडलेला आहे. थिऑसॉफिकल सोसायटीशी संबंधित ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ या संघाने १९२३-२४ मध्ये एडवर्ड्स बीचच्या उतारावर समुद्राकडे तोंड करून मोठे खुले प्रेक्षागृह बांधले. सोसायटीचे पुढारी ॲनी बेझंट आणि लेडबीटर यांची श्रद्धा होती, की जगद्गुरू लवकरच अवतरणार आहेत आणि मदनपल्लीत जन्मलेले जे. कृष्णमूर्ती हे त्यांचे माध्यम होणार आहेत. १९२५ साली कृष्णमूर्ती सिडनीला आलेही. पण ३ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांनी स्वतःच तो संघ विसर्जित केला. पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरजवळच्या सह्याद्री स्कूलमुळे कृष्णमूर्तींचे नाव आपल्याकडे अनेकांना जवळचे आहे. त्यांच्या आयुष्यातल्या त्या मोठ्या वळणाची एक खूण बाल्मोरलच्या किनाऱ्यावर होती.

ज्या वर्षी तो संघ विसर्जित झाला, त्याच वर्षी प्रेक्षागृहापासून थोड्या अंतरावर स्नानार्थींचा मंडप पूर्ण झाला. नगरपालिकेने किनारा सुशोभित करण्याची एक मोठी योजना आखली होती. समुद्राची भिंत, तिच्या कडेने फिरण्याची वाट, झाडे, खडकाळ टेकाडाकडे जाणारा छोटा पूल, बँड वाजवण्यासाठी गोल मंडप आणि या साऱ्यांत मुख्य म्हणजे स्नानगृह. त्याचा आराखडा आल्फ्रेड हेल या वास्तुविशारदांनी केला.

इमारत दुमजली. फिकट रंगाचा गिलावा, ओळीने कमानी, आणि स्पेनमधल्या मूर लोकांच्या बांधणीची छाप. अरबांची ही कमान स्पेनला गेली, तिथून अमेरिकेत आणि पुढे सिडनीत पोचली. आपल्याकडे ती दुसऱ्या वाटेने आली आणि कंधारच्या किल्ल्यात विसावली. म्हणून मराठवाड्यातल्या माणसाला ही परदेशी वास्तू पहिल्या नजरेत परकी वाटत नाही. कडक उन्हात सावली आणि वारा देणारी भिंत कशी असावी, हे दोन्हीकडच्या कारागिरांनी एकाच शाळेतून शिकावे तसे वाटते.

सिडनीत हे वर्षच समुद्रस्नानाचे म्हणावे लागेल. डिसेंबर १९२९ मध्ये बाँडाय किनाऱ्यावरचे भव्य पॅव्हिलियन खुले झाले. हिवाळ्यातही पोहणाऱ्यांचे ‘बाँडाय आइसबर्ग्स’ हे मंडळही १९२९ चेच. या भावंडांमध्ये बाल्मोरलचा मंडप आकाराने लहान.

१९३० ते १९३९ : मंदीत दिलासा

वास्तू खुली झाली आणि जगावर महामंदी कोसळली. हातचे काम गेलेल्या माणसाला पैसे न लागणारा एक विसावा उरला होता, तो म्हणजे समुद्र. १९३० मध्ये बँडचा गोल मंडप झाला आणि सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर वाद्ये वाजू लागली. १९ मार्च १९३२ रोजी बंदरावरचा पूल खुला झाला आणि शहर आणखी जवळ आले.

स्नानगृहाचा कारभार त्या काळच्या रीतीप्रमाणे चाले. पुरुषांची बाजू वेगळी, स्त्रियांची वेगळी. लोक इथे कपडे बदलत, खारे अंग गोड्या पाण्याने धूत आणि मग चहा-फराळ घेत. पुढे सर्वतोमुखी झालेल्या जेवणाचे बी या चहा-फराळात आहे. पोहून आलेल्या माणसाला कडकडून भूक लागते, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको.

पोशाखाबाबत सरकार अजून काटेकोर होते. १९३५ साली मंत्री एरिक स्पूनर यांनी नियम काढून पोहण्याच्या कपड्यांची मापे इंचांत ठरवून दिली. मांडीवर कापड किती इंच खाली यावे, इथपर्यंत. नियम असे असेपर्यंत आडोशाचे महत्त्व टिकून राहिले.

१९४० ते १९४९ : युद्धाची सावली

दुसरे महायुद्ध बाल्मोरलच्या अगदी दारात आले. पाणबुड्यांना अडवण्यासाठी बंदरात जॉर्जेस हेडपासून पलीकडच्या काठापर्यंत पोलादी जाळे लावले होते. ३१ मे १९४२ च्या रात्री तीन छोट्या जपानी पाणबुड्या बंदरात शिरल्या. त्यांपैकी एक जाळ्यात अडकली. दुसरीच्या पाणतीराने ‘कुटाबुल’ हे जहाज बुडाले आणि २१ नौसैनिकांना प्राण गमवावे लागले. त्याच वर्षी किनाऱ्याच्या एका टोकाला ‘पेंग्विन’ हा नौदलाचा तळ सुरू झाला. तो आजही तिथेच आहे.

आनंदासाठी बांधलेल्या जागेने ही वर्षेही पाहिली. युद्ध संपले, घरोघरची मुले परत आली, आणि वाळूवर पुन्हा गर्दी जमू लागली.

१९५० ते १९६९ : ओहोटीची वर्षे

या दोन दशकांचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, पण तो वगळता येत नाही. १९५१ साली जगद्गुरूंची वाट पाहणारे ते प्रेक्षागृह पाडले गेले आणि त्या जागी सदनिका झाल्या. १९५८ मध्ये बाल्मोरलची ट्राम बंद झाली. लोक आता मोटारीने येऊ लागले. १९६१ मध्ये पोशाखाची इंचांतली मापेही नियमांतून गेली. माणसे घरूनच पोहण्याचे कपडे घालून येत, टॉवेल अंगाभोवती गुंडाळून परत जात. मोटार हाच त्यांचा आडोसा झाला.

ज्या कामासाठी मंडप बांधला, ते कामच हळूहळू संपले. आपल्याकडे घरोघरी नळ आले आणि बारवांकडे जाणारी पायवाट बुजली, तशीच ही गोष्ट. खारा वारा भिंतींना सवड देत नाही. देखभाल मागे पडली की समुद्रकाठची इमारत फार लवकर म्हातारी होते.

तरीही मंडप पडला नाही आणि विकलाही गेला नाही. तो नगरपालिकेच्या हाती राहिला, आणि गावकऱ्यांना तो आपला वाटत राहिला. त्या पडत्या काळात ज्यांनी ही जागा झाडली, रंगवली, कुलपे लावली-उघडली, त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. या इतिहासात मात्र त्यांना पहिल्या फळीचे मानले पाहिजे.

१९७० ते १९८९ : चूल पेटली

जुन्या चहा-फराळाच्या खोल्यांनी वास्तूला तगवले. कपडे बदलण्याचे काम कमी झाले तरी खाण्यासाठी येणारे कमी झाले नव्हते. या काळात सिडनी शहरही बदलत होते. युद्धानंतर इटली, ग्रीस, लेबनॉन आणि पुढे व्हिएतनाम, थायलंड इथून आलेल्या माणसांनी शहराच्या ताटात नवी चव वाढली. १९७८ मध्ये बाँडायच्या पॅव्हिलियनला सांस्कृतिक केंद्राचे रूप मिळाले. जुन्या स्नानगृहांना नवे काम देता येते, हे लोकांना दिसू लागले.

१९८७ पासून बाल्मोरलच्या बँड-मंडपात उघड्यावर शेक्सपिअरची नाटके होऊ लागली. गवतावर चादर अंथरून लोक नाटक पाहू लागले. लगेच पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, व्हिक्टोरिया अलेक्झांडर यांनी स्नानगृहात ‘बेदर्स पॅव्हिलियन’ उपाहारगृह सुरू केले. जुन्या वास्तूचे नाव त्यांनी बदलले नाही, ही मोठी गोष्ट. खिडक्यांतून समुद्र आत यावा, भिंतीचा फिकट रंग तसाच राहावा आणि पान वाढताना फार थाटमाट नसावा, अशी त्यांची दृष्टी होती. शहरातून मुद्दाम जेवायला यावे अशी जागा म्हणून बाल्मोरलचे नाव झाले ते या वर्षांत.

१९९० ते १९९९ : जीर्णोद्धार

कीर्ती वाढली की प्रश्नही वाढतात. सार्वजनिक वास्तूचा किती भाग व्यवसायासाठी द्यावा, किती सर्वांसाठी मोकळा ठेवावा, बांधकामात किती बदल करावा, यावर मोसमनमध्ये बरीच चर्चा झाली. मते वेगवेगळी होती, पण सगळ्यांची कळकळ एकाच वास्तूसाठी होती. त्या चर्चेतून अखेर जे निघाले ते सर्वांच्या हिताचे ठरले, एवढे इथे नोंदवणे पुरे.

वास्तूची बाहेरची ओळख जपायची, आतून ती नव्या कामासाठी सिद्ध करायची, असा मार्ग निघाला. सर्ज दान्सेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जबाबदारी घेतली. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातून आलेले दान्सेरो १९८३ पासून सिडनीतल्या रीजंट हॉटेलच्या मुदपाकखान्यात होते. गोठवलेला माल सोडून थेट शेतकरी, मासेमार आणि लहान उत्पादक यांच्याकडून ताजा माल घ्यायचा, हा आग्रह त्यांनी तिथे रुजवला होता. भाजी कोणाच्या मळ्यातली, मासा कोणत्या होडीतला, हे स्वयंपाक्याला ठाऊक असले पाहिजे, अशी त्यांची शिस्त होती. लोह्याच्या आठवडी बाजारात वांगी घेताना आपण ‘मळा कुणाचा?’ म्हणून विचारतोच. एका मोठ्या शहराच्या उपाहारगृहांना तोच प्रश्न नव्याने विचारायला लावण्याचे श्रेय त्यांच्या पिढीकडे जाते.

दीर्घ दुरुस्तीनंतर १९९९ मध्ये मंडप नव्या रूपात उघडला. त्याच वर्षी राज्याच्या वारसा यादीत या वास्तूची नोंद झाली. सत्तराव्या वर्षी एखाद्या ज्येष्ठाचा सत्कार व्हावा, तसा हा योग होता.

२००० ते २०१९ : भरती

पुढची वीस वर्षे स्थिर प्रगतीची. एकाच छताखाली तीन प्रकारच्या माणसांची सोय झाली. सावकाश बसून जेवणाऱ्यांसाठी मुख्य उपाहारगृह, सकाळच्या न्याहारीला येणाऱ्यांसाठी कॅफे, आणि वाळूतून अनवाणी येऊन हातात काही घेऊन जाणाऱ्यांसाठी छोटी खिडकी. लग्ने आणि घरगुती समारंभही इथे होऊ लागले. ज्या मंडपात आजोबांनी पोहण्यासाठी कपडे बदलले, त्यात नातवाच्या लग्नाची पंगत बसावी, असा हा काळ.

इतरांनीही हीच वाट धरली. २००२ मध्ये बाँडायच्या आइसबर्ग्स मंडळाच्या इमारतीत, पोहण्याच्या तलावाच्या वरच्या बाजूला, नामांकित भोजनगृह सुरू झाले. स्नान आणि भोजन शेजारी नांदू शकतात, हे सिडनीने पुरते स्वीकारले. आपल्याला गिरगाव चौपाटी आठवावी. तिथेही पाण्यात पाय बुडवून आलेल्या माणसाचे पाऊल आपोआप भेळेच्या गाडीकडे वळते.

नोकरी-शिक्षणासाठी सिडनीत गेलेल्या मराठी कुटुंबांनाही हा किनारा ओळखीचा झाला आहे. गावाकडून आलेल्या आई-वडिलांना पहिल्यांदा समुद्र दाखवायचा तर शांत पाण्याचा दाखवावा. त्या दृष्टीने बाल्मोरलसारखी जागा नाही. जाळीने सुरक्षित केलेल्या भागात नातवंडे डुंबतात आणि आजी भिंतीवर बसून त्यांचे टॉवेल सांभाळते.

२०२० पासून आजपर्यंत

२३ मार्च २०२० रोजी करोनामुळे राज्यातल्या उपाहारगृहांत बसून जेवणे बंद झाले. २०२१ च्या जून अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सिडनीत पुन्हा टाळेबंदी आली. जी जागा शंभर माणसांच्या गजबजीसाठी होती, तिच्या खुर्च्या उलट्या पडून राहिल्या. पण किनारा आणि त्याच्या कडेची वाट माणसांनी सोडली नाही. जवळपास राहणारे लोक सकाळी फिरायला येत आणि बंद कमानींसमोर थोडे थांबत. मंदी, युद्ध, ओहोटी पाहिलेल्या वास्तूने हाही काळ काढला.

आज मंडप पुन्हा भरलेला असतो. पहाटे पोहणाऱ्यांची टोळी येते. थंडीतही ते पाण्यात उतरतात, बाहेर येऊन गरम कॉफीचा कप हातात धरतात. पुढे न्याहारी, दुपारचे जेवण, संध्याकाळचे दिवे. जागा आजही सार्वजनिक आहे. चालवणारे ती नगरपालिकेकडून भाड्याने घेतात. समोरची वाळू, भिंतीकडेची वाट आणि समुद्र यांसाठी कुणालाही पैसे मोजावे लागत नाहीत.

ऋणनिर्देश

या वाटचालीचे श्रेय एका नावाला देता येणार नाही. भरदिवसा पाण्यात उतरण्याचा हक्क मिळवणारे, मंदीच्या आधी सार्वजनिक पैशातून आडोसा बांधणारे नगरसेवक, कमानी उभारणारे गवंडी, टॉवेल देणारे, चहा उकळणारे, ओहोटीच्या दिवसांत कुलूप सांभाळणारे, चूल पेटवणाऱ्या व्हिक्टोरिया अलेक्झांडर, त्या चुलीला शेतापर्यंत जोडणारे दान्सेरो आणि त्यांच्यासोबत रोज भांडी घासणारे, भाजी चिरणारे, दूरदेशाहून आलेले विद्यार्थी या सगळ्यांची ही पुण्याई आहे.

बाल्मोरलच्या किनाऱ्यावर एकाच दशकात दोन वास्तू उभ्या राहिल्या. ज्या प्रयोजनासाठी पहिली बांधली, ते संपल्यावर ती जमीनदोस्त झाली. दुसरीचे प्रयोजनही संपलेच होते. पण ती गावाच्या मालकीची होती, म्हणून गावाने तिला दुसरे काम शोधून दिले. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग समुद्र अजून पाणी धरतो. आपल्या गावोगावी बारवा आहेत, घाट आहेत, धर्मशाळा आहेत. पाणी शेंदायला किंवा मुक्कामाला तिथे आता कुणी येत नसेल, पण त्यांच्या पायऱ्या आणि ओवऱ्या अजून शाबूत आहेत. त्यांना कोणते काम देता येईल, हा विचार लोह्यापासून सिडनीपर्यंत एकाच पद्धतीने करावा लागतो. आधी ती वास्तू आपली आहे असे म्हणावे लागते, मग तिचा खर्च उचलावा लागतो.

२०२९ साली बाल्मोरलला सूर्य नेहमीप्रमाणे बंदराच्या तोंडातून वर येईल. पोहून आलेली माणसे ओल्या केसांनी कमानीखाली येतील आणि त्यांच्यापुढे ताट येईल. आधी स्नान, मग पंगत. जवळपास शंभर वर्षे चालत आलेल्या या पाहुणचाराला आमचा नमस्कार.